कॅशलेस बंद झालं म्हणजे क्लेम बुडाला असं नाही

प्रश्न थोडक्यात असा: ‘मी ६८ वर्षांचा, राष्ट्रीयीकृत बँकेतून निवृत्त झालेला अधिकारी. निवृत्तांच्या ग्रुप मेडिक्लेममध्ये आम्ही नवरा-बायको दोघं आहोत, विमा ४ लाखांचा. पत्नीच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं आहे. दहा दिवसांपूर्वी हॉस्पिटलने नोटीस लावली की आमच्या विमा कंपनीचं कॅशलेस बंद. आता ते ३ लाख डिपॉझिट मागतात आणि टीपीए, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने क्लेमचे कागद हाताळणारी संस्था, म्हणतं, दुसरं हॉस्पिटल बघा. पैसे भरावेत का? भरले तर परत मिळतील का? की ही पॉलिसीच सोडून स्वतःची वेगळी घ्यावी?’

काका, पॉलिसी सोडू नका. निदान या ऑपरेशनचा हिशेब पूर्ण होईपर्यंत तो विचारही नको. डिपॉझिटचा चेक मात्र आज लिहू नका, दोन-चार दिवस थांबा. तेवढ्यात काही गोष्टी करून घ्यायच्या आहेत.

मी सुरुवातीला एका हॉस्पिटलच्या टीपीए डेस्कवर होतो, नंतर टीपीएकडे क्लेम तपासायला, अशी २२ वर्षं गेली. आता निवृत्तांच्या संघटनांसाठी अडलेले क्लेम सोडवतो. या सगळ्या काळात ज्येष्ठांचं सर्वांत जास्त नुकसान एका गैरसमजाने झालेलं मी पाहिलं. कॅशलेस नाकारलं की त्यांना वाटतं क्लेम नाकारला. कॅशलेस ही फक्त पैसे चुकते करण्याची पद्धत आहे, बिल विमा कंपनी परस्पर हॉस्पिटलला देते. विमा कंपनी आणि हॉस्पिटल यांच्यात एक करार असतो, दोघांच्याही तोंडी त्याला ‘एमओयू’ म्हणतात, आणि त्या करारापुरतंच कॅशलेस चालतं. तुमचा उपचाराच्या खर्चावरचा हक्क पॉलिसीतून येतो. एमओयू तुटला तरी पॉलिसीचा एक शब्दही बदलत नाही. खर्च आधी तुम्ही करायचा आणि मागून मागायचा, म्हणजे रीइम्बर्समेंट, हा रस्ता उघडाच राहतो. तो अवघड आहे हे खरं, पण बंद नाही.

हे भांडण कशावरून होतं तेही समजून घ्या, म्हणजे किती थांबायचं याचा अंदाज येईल. एमओयूमध्ये प्रत्येक शस्त्रक्रियेचा पॅकेज दर ठरलेला असतो. हॉस्पिटल म्हणतं, पगार, औषधं, उपकरणं सगळं महागलं आणि दर मात्र जुनेच. शिवाय बिल मंजूर करून नंतर त्यातून कापाकापी करतात, महिनोन्महिने पैसे थकवतात. विमा कंपनी म्हणते, विमा आहे असं कळलं की बिल फुगतं, नको त्या तपासण्या होतात. मी दोन्ही टेबलांवर बसलो आहे. दोघांचंही म्हणणं बऱ्याच वेळा खरं असतं. पण मोडतो तो पेशंट, आणि मला याचा राग येतो, कारण हप्ता घेताना याच नेटवर्कची यादी तुम्हाला दाखवलेली असते.

हे काही नवं नाही. जुलै २०१० मध्ये न्यू इंडिया, ओरिएंटल, नॅशनल आणि युनायटेड इंडिया या चारही सरकारी कंपन्यांनी मुंबई-दिल्लीसह मोठ्या शहरांतल्या अनेक नामांकित हॉस्पिटलांचं कॅशलेस थांबवलं होतं. आज ज्याला ‘पीपीएन’ म्हणतात ती ठरलेल्या दरांची हॉस्पिटलांची यादी त्यातून पुढे आली. ऑगस्ट २०२५ मध्ये उलट बाजूने तेच झालं. असोसिएशन ऑफ हेल्थकेअर प्रोव्हायडर्स या हॉस्पिटलांच्या संघटनेने उत्तर भारतातल्या सदस्यांना १ सप्टेंबरपासून बजाज अलियान्झचं कॅशलेस थांबवायला सांगितलं, मग बोलणी झाली आणि ते मागे घेतलं गेलं. मोठ्या हॉस्पिटलांना विमा कंपनीचे पेशंट हवे असतात आणि कंपनीला शहरातली मोठी नावं यादीत हवी असतात, त्यामुळे बहुतेक वेळा काही आठवड्यांत किंवा महिन्यांत तोडगा निघतो. गुडघा बदलणं ही तातडीची शस्त्रक्रिया नव्हे. म्हणून सर्जनना सरळ विचारा: ‘महिनाभर थांबलो तर काही बिघडेल का?’ ते म्हणाले चालेल, तर थांबणं हा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

दुसरा प्रश्नही त्यांनाच विचारा, आणि हा प्रश्न लोक विचारत नाहीत म्हणून मुद्दाम सांगतो: ‘डॉक्टर, तुम्ही आणखी कुठे ऑपरेट करता?’ गुडघ्याचे बहुतेक सर्जन दोन-तीन हॉस्पिटलांत जातात. डॉक्टर तेच, हॉस्पिटल नेटवर्कमधलं, असं जमलं तर तुमचा निम्मा प्रश्न तिथेच सुटतो. मात्र नेटवर्कची यादी वेबसाइटवर बघून जाऊ नका, ती मागे पडलेली असू शकते. हॉस्पिटलच्या टीपीए डेस्कला तुमच्या ओळखपत्रावरचा नंबर देऊन विचारा, आणि ‘सरकारी कंपनी चालते’ एवढ्यावर समाधान मानू नका. वैयक्तिक पॉलिसी चालते पण ग्रुप चालत नाही, असंही असतं.

‘कॅशलेस एव्हरीवेअर’बद्दल तुम्हाला कोणीतरी सांगेलच. जनरल इन्शुरन्स कौन्सिल या विमा कंपन्यांच्या संस्थेने जानेवारी २०२४ मध्ये ही सोय जाहीर केली. हॉस्पिटल नेटवर्कबाहेरचं असलं तरी ठरलेल्या ऑपरेशनसाठी ४८ तास आधी कळवायचं, तातडीच्या वेळी दाखल झाल्यापासून ४८ तासांत कळवायचं, आणि कंपनी कॅशलेसचा विचार करते. सोय चांगली आहे, पण हॉस्पिटलही तयार असावं लागतं. ज्याने भांडून स्वतःच कॅशलेस थांबवलं आहे, ते या वाटेने तयार होण्याची शक्यता कमी. तरीही टीपीएला लेखी विनंती करून ठेवा. नकार आला तर तो नकार कागदावर राहतो, आणि पुढे तोच कागद उपयोगी पडतो.

यातलं काहीच जमलं नाही आणि त्याच हॉस्पिटलमध्ये करायचं ठरलं, तर रीइम्बर्समेंटची तयारी दाखल होण्याआधी सुरू होते.

हॉस्पिटलकडून लेटरहेडवर अंदाजपत्रक घ्या: खोलीचा प्रकार, पॅकेजमध्ये काय येतं, इम्प्लांट कोणतं, त्याची किंमत वेगळी की पॅकेजमध्येच. हे अंदाजपत्रक जोडून टीपीएला आणि विमा कंपनीला ई-मेल करा की अमुक तारखेला, अमुक हॉस्पिटलमध्ये, कॅशलेस उपलब्ध नसल्यामुळे आम्ही स्वखर्चाने उपचार घेत आहोत, यातली किती रक्कम पॉलिसीनुसार मिळेल ते कळवा. आकडा कदाचित देणार नाहीत. पण पूर्वसूचना नव्हती असं नंतर म्हणता येणार नाही. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. रीइम्बर्समेंटमध्ये ‘वाजवी आणि प्रचलित दर’ या कलमाखाली कापाकापी होते, म्हणजे त्याच शहरातल्या तशाच हॉस्पिटलांत जेवढं लागतं तेवढंच देऊ, असं कंपनी म्हणते. काही पॉलिसींत पीपीएनचा पॅकेज दरच लावला जातो. म्हणून अंदाजपत्रक ३ लाखांचं असलं तर ३ लाख परत येतील असं धरून चालू नका. फरक खिशातून जाऊ शकतो, आणि तो किती परवडेल हे आधी घरात बसून ठरवा.

पैसे चेकने किंवा ऑनलाइनच भरा. २ लाख किंवा त्याहून जास्त रोख स्वीकारायला आयकर कायद्यात मनाई आहे, आणि रोखीची पावती क्लेममध्ये उगाच शंका निर्माण करते. ठेव मोडण्याऐवजी तिच्यावर कर्ज घ्या. तुम्ही आयुष्य बँकेत काढलंत, त्यामुळे त्याचं गणित तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं येतं.

आता खोलीबद्दल, कारण निवृत्तांच्या ग्रुप पॉलिसींत सर्वांत जास्त पैसे इथे गळतात. समजा, पॉलिसीत खोलीची मर्यादा दिवसाला ५,००० आहे आणि तुम्ही ८,००० ची खोली घेतलीत. फक्त ३,००० चा फरक पडेल असं वाटतं. तसं होत नाही. ५,००० भागिले ८,००० म्हणजे साडेबासष्ट टक्के, आणि हे प्रमाण खोलीशी जोडलेल्या इतर खर्चांनाही लागतं. पाच दिवसांचं बिल ३ लाख आलं असं धरू: खोली ४०,०००, सर्जन-भूल-ओटी-नर्सिंग मिळून १,२०,०००, आणि इम्प्लांट, औषधं, तपासण्या १,४०,०००. खोलीचे २५,००० मिळतील, डॉक्टर-ओटीचे ७५,०००. पण इम्प्लांट, औषधं, वैद्यकीय उपकरणं आणि तपासण्या यांना हे प्रमाण लावायला विमा नियामक आयआरडीएआयने २०२० च्या सूचनांमध्ये मनाई केली आहे. आयसीयूच्या खर्चालाही लावता येत नाही. म्हणजे ते १,४०,००० पूर्ण धरायला हवेत आणि एकूण २,४०,००० मिळायला हवेत. मी हातात घेतलेल्या कितीतरी फाइलींत अख्ख्या बिलाला एकच टक्केवारी लावलेली होती. तसं केलं तर या बिलात १,८७,५०० येतात, ५२,५०० कमी. कोणी विचारलं नाही तर ते तसंच राहून जातं. म्हणून सेटलमेंटचं पत्र आलं की कॅल्क्युलेटर घेऊन बसा आणि प्रत्येक ओळीसमोर टक्केवारी काढा. त्याहून सोपं म्हणजे मर्यादेतलीच खोली घ्या. पाच दिवसांचा प्रश्न आहे.

आणखी एक कापाकापी ठरलेली असते. हातमोजे, मास्क, नोंदणी फी अशा बिनदेय वस्तूंची आयआरडीएआयची यादी आहे, तिचे पैसे मिळत नाहीत. त्यावर वाद घालण्यात वेळ दवडू नका.

डिस्चार्जच्या दिवसाबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण थकवा सर्वांत जास्त तेव्हाच असतो आणि चुका तेव्हाच होतात. काही वर्षांपूर्वी एक निवृत्त शिक्षक माझ्याकडे आले. पत्नीचं पित्ताशयाचं ऑपरेशन नेटवर्कमधल्या हॉस्पिटलमध्ये, कॅशलेसवरच झालेलं. सकाळी दहाला डॉक्टरांनी घरी जायला सांगितलं, अंतिम मंजुरी संध्याकाळी सहाला आली, तीही बिलापेक्षा ३८,००० ने कमी. बाई कपडे बदलून, पिशव्या भरून पलंगावर बसून होत्या. काउंटरवर सरांसमोर एक छापील कागद सरकवला गेला, खालच्या ओळीत लिहिलेलं: ‘फरकाची रक्कम मी स्वेच्छेने भरत आहे, याबाबत माझी कोणतीही तक्रार नाही.’ सरांनी सही केली आणि पैसे भरले. खरं तर कॅशलेस मंजूर असलेल्या पेशंटकडून ठरलेल्या दराच्या वरचे पैसे घ्यायचे नाहीत, हे त्या एमओयूमध्येच लिहिलेलं होतं. पण ‘स्वेच्छेने’ या एका शब्दाने पुढे प्रत्येक ठिकाणी त्यांचा हात बांधला. ३८,००० पैकी ११,००० परत मिळवायला आम्हाला सात महिने लागले.

म्हणून भरावंच लागलं तर भरा, बाईमाणसाला तिष्ठत ठेवू नका, पण सहीच्या वर आपल्या हाताने लिहा: ‘हरकत नोंदवून भरत आहे.’ चार शब्द आहेत. छापलेलं ‘स्वेच्छेने’ खोडा, आणि सही केलेल्या कागदाचा फोटो तिथेच काढून घ्या. कोणी म्हणालं की फॉर्मवर खाडाखोड चालत नाही, तर साध्या कागदावर तेच लिहून पोच घ्या.

कॅशलेस चालू असेल तेव्हाचे नियम आता बरेच स्पष्ट आहेत. आयआरडीएआयच्या २९ मे २०२४ च्या मास्टर सर्क्युलरप्रमाणे कॅशलेसच्या विनंतीवर एका तासात निर्णय द्यायचा आणि डिस्चार्जची अंतिम मंजुरी तीन तासांत. तीन तासांच्या वर गेल्यामुळे हॉस्पिटलने जास्तीचे पैसे लावले, तर ते विमा कंपनीने स्वतःच्या भागधारकांच्या निधीतून भरायचे. डिस्चार्जची विनंती हॉस्पिटलने टीपीएला किती वाजता पाठवली ती वेळ लिहून ठेवा. उशीर नेहमी कंपनीकडेच होतो असं नाही. बिल तयार करायलाच हॉस्पिटल चार तास लावतं आणि बोट टीपीएकडे दाखवतं, हे मी स्वतः त्या डेस्कवर बसून पाहिलं आहे.

रीइम्बर्समेंटच्या कागदांत लोक बिलं आणि पावत्या बरोबर ठेवतात. राहून जातं ते क्लेम फॉर्मचा ‘भाग ब’. तो हॉस्पिटलने भरून, सही-शिक्का करून द्यायचा असतो, आणि विमा कंपनीशी भांडण चालू असलेलं हॉस्पिटल तो द्यायला पंधरा-पंधरा दिवस फिरवतं. डिस्चार्जच्या दिवशी, शेवटची रक्कम भरण्याआधी, तो भरून मागा. इम्प्लांटचं स्टिकर आणि त्याचं मूळ इन्व्हॉइसही तेव्हाच घ्या; गुडघ्याच्या इम्प्लांटच्या किमतीवर २०१७ पासून सरकारची कमाल मर्यादा आहे, त्यामुळे तिथे तपासणी होते. ऑपरेशनच्या आधीचा आणि नंतरचा एक्स-रे, बिलाचा तपशील, इनडोअर पेपर्सची (दाखल असतानाच्या उपचारांच्या नोंदींची) प्रत हेही लागेल. कागद किती दिवसांत द्यायचे ते पॉलिसीत असतं, ती तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. सगळं देण्याआधी संपूर्ण गठ्ठा स्कॅन करा. मूळ कागद एकदा गेले की परत येत नाहीत.

क्लेम कमी दिला किंवा नाकारला, तर आधी विमा कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहा. टीपीएला लिहून भागत नाही; टीपीए फक्त कागद हाताळतं, जबाबदारी कंपनीची असते. नकार आला असेल तर एवढं विचारा की तो क्लेम रिव्ह्यू कमिटीपुढे गेला होता का, कारण २०२४ च्या त्याच सर्क्युलरप्रमाणे समितीच्या मंजुरीशिवाय क्लेम फेटाळता येत नाही. सोबत आयआरडीएआयच्या बीमा भरोसा पोर्टलवर तक्रार नोंदवा, किंवा १५५२५५ वर फोन करा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपाल. मुंबई आणि पुणे दोन्हीकडे कार्यालयं आहेत. फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतचे दावे चालतात, आणि ग्रुप पॉलिसीची तक्रारही घेतात. ‘ग्रुप आहे म्हणून तुमच्या नावाने तक्रार होत नाही’ असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. कंपनीच्या नकारापासून वर्षाच्या आत जायचं. ग्राहक न्यायालयात आधीच गेला असाल तर त्याच गोष्टीसाठी लोकपालाकडे जाता येत नाही, म्हणून क्रम चुकवू नका.

हॉस्पिटलविरुद्ध मात्र आयआरडीएआय काही करू शकत नाही, ती विमा कंपन्यांची नियामक आहे. या सगळ्या व्यवस्थेतली मोठी पोकळी हीच आहे असं माझं मत आहे: एका बाजूला वेळेचे नियम, दंड, लोकपाल, आणि दुसऱ्या बाजूला खासगी हॉस्पिटलच्या दरांवर जवळजवळ कोणीच नाही. महाराष्ट्रात जानेवारी २०२१ च्या नर्सिंग होम नोंदणी नियमांमध्ये रुग्णहक्कांची सनद आहे. दरपत्रक लावणं, तपशीलवार बिल देणं हे त्यात येतं. ते मिळालं नाही तर महापालिकेच्या किंवा जिल्ह्याच्या आरोग्य अधिकाऱ्याकडे तक्रार करता येते. लोक तिथे जात नाहीत. जायला हवं.

तुमच्यापैकी कोणाला सीजीएचएस, म्हणजे केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांची आणि निवृत्तांची आरोग्य योजना, असेल तर एक निकाल लक्षात ठेवा. शिवकांत झा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सांगितलं की तातडीच्या वेळी उपचार घेतलेलं हॉस्पिटल पॅनेलवर नव्हतं, एवढ्याच कारणावरून निवृत्त कर्मचाऱ्याला खर्चाची भरपाई नाकारता येत नाही. तो मेडिक्लेमला जसाच्या तसा लागू होत नाही.

आता पॉलिसी सोडण्याचं. ग्रुप पॉलिसीत तुमचे जुने आजार सहसा पहिल्या दिवसापासून धरलेले असतात. नवी वैयक्तिक पॉलिसी घेतली तर जुन्या आजारांसाठी ३६ महिन्यांपर्यंत प्रतीक्षा लागू शकते. त्याच कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत स्थलांतर करून ही प्रतीक्षा वाचवता येते, पण तिथेही तब्येत तपासतात, आणि ६८ व्या वर्षी, पत्नीचा गुडघा बदलायचा असताना, अटी तुमच्या मनासारख्या येणं कठीण. वैयक्तिक पॉलिसीचे दोन फायदे मात्र आहेत. २२ सप्टेंबर २०२५ पासून तिच्या हप्त्यावर जीएसटी नाही, ग्रुपच्या हप्त्यावर आहे. आणि जानेवारी २०२५ च्या आदेशाप्रमाणे ज्येष्ठांचा हप्ता वर्षाला १० टक्क्यांपेक्षा जास्त वाढवायचा असेल तर कंपनीला आधी आयआरडीएआयशी बोलावं लागतं. तुमचा ग्रुपचा हप्ता कसा उसळ्या मारतो ते तुम्ही भोगताच आहात. म्हणून नूतनीकरणाच्या दोन-तीन महिने आधी दोन्ही आकडे समोर ठेवून बघा, तेही नवी पॉलिसी हातात आल्यावरच जुनी सोडायची. तुम्हाला ७० पूर्ण झाल्यावर सरकारी आरोग्य योजनेचं आयुष्मान वय वंदना कार्ड काढून ठेवा, उत्पन्नाची अट नाही, कुटुंबातल्या ज्येष्ठांसाठी मिळून वर्षाला ५ लाखांचं संरक्षण आहे आणि खासगी मेडिक्लेम असला तरी मिळतं.

ग्रुप पॉलिसीचा मूळ करार तुमच्याकडे नसतो, तुमच्याकडे फक्त ओळखपत्र असतं. संघटनेमार्फत मास्टर पॉलिसीची प्रत मागून घ्या. आणि हे भांडणही संघटनेने बँकेच्या व्यवस्थापनाकडे लेखी न्यावं, कारण विमा कंपनी तुमच्या एका पत्राला जे उत्तर देते त्यापेक्षा हजारो हप्ते एकत्र देणाऱ्या बँकेच्या पत्राला वेगळं उत्तर देते. पत्रात एवढंच असू द्या: कोणती हॉस्पिटलं बंद झाली, कधीपासून, आणि किती सभासदांची ऑपरेशनं त्यामुळे अडली. तुमचं नाव त्यात पहिलं घाला.

ऑपरेशन झाल्यावर काकूंची फिजिओथेरपी काही आठवडे चालेल. डिस्चार्जनंतरचा खर्च बहुतेक पॉलिसींत ठरावीक दिवसांपर्यंत मिळतो, पण त्याचा क्लेम वेगळा, दुसरा पाठवावा लागतो, आणि लोक तो पाठवतच नाहीत. डिस्चार्ज कार्डवर सर्जनकडून ‘फिजिओथेरपी आवश्यक’ असं लिहून घ्या, आणि घरी येणाऱ्या थेरपिस्टकडून दर आठवड्याला तारीखवार, नोंदणी क्रमांक असलेली पावती घेत चला.